नूरचा बूर होऊ देऊ नका: घरी अरबी खत्तातीचं (सुलेखनाचं) पहिलं कॅनव्हास कसं करायचं

मागच्या वर्षी एका मित्रानं नवा फ्लॅट घेतला आणि दावतीला बोलावलं, तर मी म्हटलं आपण लेटरिंगचीच कामं करतो तर मिक्सर न् डिनर सेट काय द्यायचा, कॅनव्हास देऊ. दोन बाय तीन फुटाचं, गडद निळं, त्यावर सोनेरी अक्षरात ‘सलाम’. शब्द नेटवरून कॉपी केला, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केला, मोठी प्रिंट काढली, ट्रेस करून रंगवला, झालं. सगळे वा वा करून राहिले होते. मग मित्राची नानी आली, चष्मा लावला, अगदी नाक लागेल इतकी जवळ गेली आणि म्हणाली, "बेटा, हुरूफ तो सारे हैं, मगर सब रूठ के अलग-अलग बैठे हैं. और ये सलाम नहीं, मालस लिखा है."

मालस! अख्खा हॉल हसला, मी पण हसलो, दुसरं करणार काय.

झालं असं होतं की अरबी अक्षर एकाच रूपात नसतं. शब्दाच्या सुरुवातीला वेगळं, मधे वेगळं, शेवटी वेगळं आणि एकटं असलं तर अजून वेगळं, आणि लिहायचं उजवीकडून डावीकडे. ज्या सॉफ्टवेअरला ही जोडणी येत नाही (किंवा येते पण त्याची सेटिंग आपण चालू केलेली नसते) ते सगळी एकटी रूपं डावीकडून उजवीकडे मांडून ठेवतं. म्हणजे सीन, लाम, अलिफ, मीम हे चौघं फोटोला उभे राहिल्यासारखे, तेही उलट्या रांगेत. बरोबर लिहिलेला सलाम दोनच तुकड्यांत दिसतो, उजवीकडे सीन-लाम-अलिफ एकमेकांत गुंतलेले आणि डावीकडे मीम एकटा, कारण अलिफ आपल्या डावीकडच्या अक्षराचा हात धरत नाही. असे हात न धरणारे सहाच जण, अलिफ, दाल, ज़ाल, रे, ज़े आणि वाव. एवढं जरी पाठ असलं तरी नेटवरची निम्मी चुकीची डिझाइन्स तुम्हाला लांबूनच ओळखू येतात, आणि ती किती आहेत हे कळल्यावर माझी लाज जराशी कमी झाली.

मला खरं तर हे माहीत असायला हवं होतं. बाबा बोर्ड पेंटर होते, फ्लेक्स यायच्या आधी नागपुरात सीताबर्डी, महाल, इतवारी सगळीकडे त्यांचे बोर्ड होते, आणि मोमिनपुऱ्यातली उर्दू कामं पण करायचे. उर्दू वाचता येत नव्हतं, एक अक्षर नाही. पण तिथले एक कातिब (हातानं मजकूर लिहून देणारे) चाचा बटर पेपरवर मजकूर लिहून द्यायचे, बाबा तो उतरवून रंगवायचे, आणि बोर्ड वर चढवण्याआधी चाचा येऊन बोट फिरवत वाचून बघायचे, मगच पैशाचं बोलणं. बाबांचं एकच म्हणणं, "वाचता येत नसंल तं इचारून घे, रंग काय पळून नाही चालला." मी नेमकं तेवढंच केलं नाही. त्यानंतर चाचांकडे (आता बरेच म्हातारे झालेत, हात थरथरतो, नजर मात्र कापत नाही) वर्षभर जाऊन बसलो, आणि जे काय शिकलो ते इथे लिहून ठेवतोय, ज्यांचा हात देवनागरी लेटरिंगमध्ये थोडाफार बसलाय पण अरबी कधी केलं नाही अशांसाठी.

पहिला शब्द मी ‘नूर’ सुचवेन. लहान आहे, अर्थ सगळ्यांना माहीत आहे, मराठीत पण आपण चेहऱ्यावरचा नूर म्हणतोच. तीन अक्षरं, नून, वाव, रे. आणि एकच नुक्ता म्हणजे टिंब, नूनच्या दातावर, म्हणजे वर आलेल्या छोट्या टोकावर. आता गंमत बघा, तो नुक्ता वरून खाली घसरला की नूनचा बे होतो आणि नूरचा होतो बूर, म्हणजे पडीक, ओसाड. विदर्भातल्या कुठल्याही घरात पडीक जमिनीची पाटी लावून या, काय स्वागत होतं बघा. आणि वर एकाऐवजी दोन नुक्ते पडले तर वाचणारा ‘तूर’ वाचेल, ते एक वेळ आपल्याकडे खपेल. सांगायचं एवढंच की इथे नुक्ता टिकलीसारखा शोभेला लावायचा नसतो, तो गेला की शब्दच गेला.

कुराणातल्या आयतींपासून सुरुवात करू नका. मुसलमान नसाल तर नाहीच, आणि असाल तरी चाचा सांगतात की हात बसेपर्यंत नको. आयतीत एका मात्रेची चूक झाली तरी ते चालत नाही, लिहिणारे बरेच जण वुज़ू (नमाजाआधी करतात तसे हातपाय-तोंड धुणं) करूनच बसतात, सरावाचे चुकलेले कागद पण कचऱ्यात टाकत नाहीत. साधे शब्द भरपूर आहेत. आपल्या रोजच्या मराठीतले किताब, खबर, इमारत, वकील, हिशेब, अक्कल हे सगळे मूळचे अरबीच, आणि पोवाडा गाणारा शाहीरसुद्धा शाइरवरून आलेला. मी तर ‘अक्कल’ लिहून स्वतःच्या टेबलासमोर लावलंय.

आता लिपीची शैली. ढोबळमानानं, चौकटी-चौकटींची ती कूफी, पुस्तकात वाचायला सोपी ती नस्ख, मशिदींवर मोठ्या भारदस्त अक्षरात दिसते ती सुलुस, उर्दूची तिरकी उतरणारी ती नस्तालीक. उर्दू बोर्ड बघून बघून आपल्याला नस्तालीक ओळखीची वाटते म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच फसतात, कारण तिच्यात ओळ सरळ नसते, शब्द वरून खाली घरंगळतो आणि जाडी सतत बदलते. कॅनव्हाससाठी सुलुस घ्या. ताजमहालच्या कमानीभोवतीची काळ्या संगमरवरातली अक्षरं सुलुसच, अमानत खान शिराज़ीची, आणि त्यानं वरची अक्षरं खालच्यांपेक्षा मोठी केलीत म्हणजे खाली उभं राहून बघणाऱ्याला सगळी सारखीच दिसावीत. बोर्ड पेंटरला हे लगेच पटेल, दुसऱ्या मजल्यावरचा बोर्ड करताना बाबा पण वरची ओळ जरा उंच घ्यायचे. जवळपास बघायचं असेल तर बुऱ्हाणपूरची जामा मशीद बघून या, तिथे अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख पण कोरलाय, आणि विजापूरला गेलात तर गोलघुमट बघून परत फिरू नका, इब्राहिम रोज्याला जा, तिथे दगडी जाळीच अक्षरांची आहे, उजेड अक्षरातून आत येतो. मी तासभर नुसता बघत बसलो होतो.

तर हत्यारं. बोरू आपल्याला नवा नाही, मोडी सगळी बोरूनंच लिहिली गेली, आणि कलम, कागद, दौत हे आपले शब्द तिकडूनच आलेत. बोरूसाठी वाळलेली कळकाची काडी बुरडाकडून घ्या, करंगळीएवढी जाड, वीतभर लांब. आपल्याकडे बांबूला काय कमी आहे. एका टोकाला धारदार कटरनं लांबट उतार द्या, आतला मऊ भाग खरवडून टाका, दोन्ही बाजू समान तासा, मधोमध छोटीशी चीर द्या म्हणजे शाई खाली उतरेल, आणि मग टोक कडक पाटीवर ठेवून एकाच दाबात तिरपं कापा. करवतासारखं पुढेमागे केलंत की संपलं, टोक झिरमिळतं. जुने खत्तात यासाठी हाडाची किंवा हस्तिदंताची छोटी पट्टी ठेवायचे, मी फुटलेल्या टाइलचा तुकडा वापरतो. हा तिरपा काप रूढ करण्याचं श्रेय याकूत अल मुस्तासिमी या बगदादच्या खत्ताताला देतात, १२९८ मध्ये वारला तो, आणि त्याच्याबद्दल असं सांगतात की १२५८ ला मंगोलांनी बगदाद लुटलं तेव्हा हा एका मिनारात चढून बसला आणि तिथेही कापडावर सराव करत राहिला. खरं-खोटं देव जाणे, पण क्लास बुडवायला कारणं देणाऱ्या पोरांना मी ही गोष्ट सांगतो.

देवनागरीचा कट निब असेल तर तो जसाच्या तसा चालेल असं समजू नका, कोन वेगळा लागतो. तपासायची सोपी रीत म्हणजे टोक टेकवून जेवढी टोकाची रुंदी तेवढंच ओढा, उभा शंकरपाळा उमटला पाहिजे. तोच नुक्ता. आडवा चौकोन आला तर बोरू हातात फिरवा, शंकरपाळा येईपर्यंत.

शाईचं सांगतो. सरावाला काळा पोस्टर कलर पातळ करून पुरतो, उगाच महागडी शाई आणू नका. पण हौस असेल तर जुनी रीत फार मजेची आहे, जवसाच्या तेलाच्या दिव्याची काजळी धरायची, डिंक रात्रभर भिजवून मधासारखा करायचा आणि दोन्ही खलात घोटत बसायचं, तास न् तास, जितकं घोटाल तितकी शाई मऊ. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत तर दिव्यांची काजळी एका खोलीत गोळा होईल अशी हवेची वाटच बांधून ठेवली होती, ती शाईला जायची. आमच्या घरी दोन दिवे लावले तर आईनं भिंत काळी केली म्हणून घर डोक्यावर घेतलं. दौतीत कच्च्या रेशमाचा गुंता टाकतात, त्याला लिका म्हणतात, त्यामुळे बोरू बुडवला तरी जास्तीची शाई चढत नाही आणि डाग पडत नाही. आपल्याकडे जुन्या दौतीत चिंधीचा बोळा असायचा तोच प्रकार. मी भंडाऱ्याच्या कोशाचे उरलेले धागे टाकलेत, मस्त चालतात.

कागद गुळगुळीत हवा, शाई वर बसली पाहिजे, आत शोषली नाही पाहिजे. पारंपरिक कागदाला अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटीचा लेप देऊन अकीक दगडानं घोटतात आणि मग महिनो न् महिने मुरू देतात. मी हे मे महिन्यात नागपुरात करून बघितलं. करू नका. वासानं शेजारच्या काकू विचारायला आल्या की काही मेलंय का. साधा ग्लॉसी आर्ट पेपर घ्या, इतवारीत छपाईच्या कागदवाल्यांकडे कापलेले तुकडे स्वस्तात मिळून जातात.

आता मूळ गोष्ट, जिच्यावाचून बाकी सगळं फुकट. सुलुसमधलं अक्षर नजरेनं नाही, नुक्त्यानं मोजतात. दहाव्या शतकात बगदादला इब्न मुक्ला नावाचा वज़ीर होता (९४० मध्ये कैदेत वारला, राजकारणात त्याचे हाल हाल झाले), त्यानं अक्षरांची मापं नुक्ता, अलिफ आणि वर्तुळ यांच्यात बांधून दिली. म्हणजे बोरू जाड असो बारीक असो, अलिफ सुलुसमध्ये साधारण ७ नुक्ते उंच, नस्खमध्ये ५ च्या आसपास, नस्तालीकमध्ये ३. बोरू बदलला की सगळं त्याच प्रमाणात मोठं किंवा लहान होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आईची ठिपक्यांची रांगोळी आठवली, आधी ठिपके बरोबर पडले पाहिजेत, मग रेघ आपोआप जागेवर येते, आणि ठिपका चुकला तर कितीही छान रंग भरा, कमळ वाकडंच. आपल्या चित्रकार रझांचा बिंदू पण आठवला, सय्यद हैदर रझा मुंबईला जेजेत जायच्या आधी इथे नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्येच शिकले होते. त्यांचा बिंदू आणि हा नुक्ता एकच आहे असं म्हणत नाही मी, तो वेगळ्याच वाटेनं आला, पण एका टिंबावर जन्मभर बसता येतं हे दोन्हीकडे दिसतं.

सरावाला कुणा उस्तादाचा मश्क घ्या, म्हणजे कित्ताच, ज्यात अक्षराच्या बाजूला नुक्ते मांडून दाखवलेले असतात. हाफ़िज़ उस्मान (१६४२ ते १६९८) किंवा त्याच्या वळणाचे कित्ते शोधा, स्कॅन मिळतात. आणि आधी ‘रे’ पकडा. काहून रे, तर वाव म्हणजे दुसरं काही नाही, डोकं लावलेला रे. रे बसला की नूरमधली दोन अक्षरं बसली. मी पंधरा दिवस फक्त रे लिहिला, चाचा दरवेळी एकच म्हणायचे, "पेट ज़्यादा है." वळणाचा पोटाचा भाग फुगतोय असं. सोळाव्या दिवशी काही बोलले नाहीत, तीच शाबासकी.

देवनागरीच्या हाताला दोन गोष्टी नडतात. एक म्हणजे आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी शिरोरेषेला लटकतात, ही मात्र ओट्यावर बसल्यासारखी खालच्या रेघेवर बसतात आणि काही पाय खाली सोडतात. वाव आणि रे दोघंही पाय सोडणारे. त्यामुळे नजर वरच्या रेघेवर ठेवायची सवय मोडावी लागते, खालची रेघ आखा आणि तिच्याखाली निदान तीन-चार नुक्त्यांची जागा मोकळी ठेवा, नाहीतर शेपट्या कागदाबाहेर. दुसरं, उजव्या हातानं उजवीकडून लिहिताना पंजा आधी लिहिलेल्या अक्षरावरूनच जातो, म्हणून हाताखाली बटर पेपरचा तुकडा ठेवा. डावखुऱ्यांचं इथे बरं आहे, जन्मभर शाई पुसत आले बिचारे, आता आमची पाळी.

शब्द असा बांधायचा. उजवीकडे नूनचा छोटा दात, तिथून न उचलता वावच्या डोक्यात जायचं, डोकं गोल पण आतलं भोक अगदी बारीक, मग तिथून शेपटी खाली डावीकडे. बोरू उचला. थोडी जागा सोडून रे, वरून सुरू होऊन तसाच खाली वळणारा. वावची शेपटी आणि रेची शेपटी एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत, दोन बहिणी एकाच घाटाच्या पायऱ्या उतरतात तशा, या शब्दाचं सगळं रूप त्या दोन शेपट्यांमधल्या अंतरात आहे. मी चार कागद भिंतीला लावून लांबून डोळे बारीक करून बघतो आणि त्या पांढऱ्या जागेकडेच बघतो, काळ्याकडे नाही. नुक्ता सगळ्यात शेवटी, दाताच्या वर.

मोठं करायचं असेल तेव्हा गणित सोपं आहे. कागदावर तुमचा नूर बोरूच्या टोकाच्या किती पट रुंद आला ते मोजा. समजा १० पट आला आणि कॅनव्हास १८ बाय २४ इंच आडवं आहे, त्यावर शब्द १४-१५ इंच हवा, म्हणजे दीड इंची चपटा ब्रश. झालं, स्केलिंगची भानगड नाही. मोठा आराखडा करताना दोन पेन्सिली रबर बँडनं बांधा, मधे पुठ्ठा घालून अंतर ठेवा, त्या जोडीनं लिहिलं की अक्षराच्या दोन्ही कडा एकदम मिळतात.

हा आराखडा बटर पेपरवर घ्या आणि सुईनं कडेकडेनं भोकं पाडा, ब्लाऊजवर आरी वर्कचं डिझाइन उतरवणारे पाडतात ना तशीच. उस्मानी म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्यातले खत्तात पण मोठ्या पाट्या अशाच करायचे, भोकांच्या कागदावरून कोळशाची पूड. आरीवाले रॉकेलमध्ये पावडर कालवून फिरवतात, कॅनव्हासला ते नको, कोरडीच पुरचुंडी करा, गडद रंगावर खडूची पूड, फिक्यावर कोळसा किंवा गेरू, आणि हळू आपटा. पण उतरवायच्या आधी, म्हणजे कागद अजून पांढरा असताना, तो घेऊन वाचणाऱ्याकडे जा. मोमिनपुऱ्यात उर्दू लग्नपत्रिका करणारे आहेत, शाळेतले उर्दूचे सर असतात, नाहीतर कुणाची नानी. शब्द सांगायचा नाही, नुसता कागद समोर धरायचा आणि विचारायचं काय लिहिलंय. सांगून दाखवलं की लोक चांगुलपणानं तेच वाचतात.

पार्श्वभूमी आधीच करून ठेवा, प्राइम केलेलं तयार कॅनव्हास घ्या, ॲक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात वाळू द्या. एकच रंग पुरे. नवीन लोक मागे सूर्यास्त, घुमट, चंद्रकोर, कंदील सगळं घालतात आणि पुढे अक्षर बिचारं गर्दीत हरवलेलं. हसन मसूदींची कामं नेटवर बघा, १९४४ साली इराकच्या नजफ़मध्ये जन्मले, तरुणपणी बगदादला पाट्या लिहिणाऱ्या खत्तातांकडेच हात बसवला, १९६९ ला पॅरिसला गेले. एकच शब्द प्रचंड मोठा, रुंद हत्यारानं ओढलेला, मागे पांढरं मोकळं रान आणि खाली एक बारीक ओळ, बस. पाट्यावाल्याचा हात आहे हे मला त्यात दिसतं, लांबून वाचता यायलाच पाहिजे ही सवय जात नाही. पाकिस्तानी चित्रकार सादिकैन (१९३० ते १९८७) मात्र अगदी उलट, त्यांची अक्षरं काटेरी झुडपासारखी वर चढत जातात, तेही दांडगं आहे पण पहिल्या कॅनव्हासला त्यांची नक्कल करू नका, जमत नाही. मी केली, निवडुंग झाला.

उन्हाळ्यात नागपुरात ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं. पहाटे साडेपाच ते साडेआठ हीच वेळ, नंतर नाही. रंगात रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला, नसेल तर पॅलेटवर पाण्याचा फवारा मारत राहा, आणि कूलरसमोर बसू नका, एका बाजूनं वारा आला की स्ट्रोकची अर्धी कड आधी वाळते आणि ब्रश परत फिरवला की साल निघते. पावसाळ्यात उलटं, कागद फुगतो, तेव्हा सराव करा, कॅनव्हास नको.

अक्षर भरताना बाहेरची रेघ काढून आत रंग भरत बसू नका. माझ्या मालसमध्ये स्पेलिंगबरोबर ही पण चूक होती, अक्षरं मेलेली दिसत होती, कलरिंग बुकसारखी. ठिपक्यांच्या वाटेवरून चपटा ब्रश एका दमात ओढा, कोन न बदलता, श्वास सोडत. कड थोडी खरबरीत येईल, येऊ द्या, वाळल्यावर बारीक ब्रशनं अगदी गरज असेल तिथेच दुरुस्त करा. पहिल्या वेळी हात कापतोच, म्हणून आधी त्याच मापाच्या वर्तमानपत्रावर वीस वेळा ओढून घ्या. बाबा डाव्या हातात काठी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायचे, ती युक्ती नुक्ता ठेवताना कामी येते, लांब स्ट्रोकला नाही, तिथे खांद्यातूनच हात गेला पाहिजे.

सोनं लावायचंय? मिठाईवरचा चांदीचा वरख आणू नका, तो इतका पातळ असतो की बोटालाच चिकटून जातो. आर्टच्या दुकानात नकली सोन्याचा वरख मिळतो, तो खरं तर पितळच असतं, तांबं आणि जस्त. जिथे सोनं हवं तिथे साइझ म्हणजे त्याचा चिकट लावायचा, तो पांढरा असतो, पारदर्शक होऊन बोटाला टेप इतपत चिकटला की वरख ठेवायचा, कापसानं दाबायचा, दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशनं उरलेला झटकायचा. पंखा बंद. परत सांगतो, पंखा बंद. माझे चार वरख उडून कूलरच्या जाळीला चिकटले होते, कूलर आठवडाभर श्रीमंत दिसत होता. वर वार्निश मारायलाच लागतं, नाहीतर पितळ काळपट हिरवं पडतं. पहिल्यांदा फक्त नुक्ता सोन्याचा करा. स्वस्त पण पडतं आणि दिसतं पण फार चांगलं.

कोपऱ्यात काही हवं असेल तर अष्टकोनी तारा, बाकी नक्षीत पडू नका. कंपासनं वर्तुळ, त्यावर सारख्या अंतरावर आठ खुणा, एक सोडून एक जोडत गेलात की एक चौकोन, उरलेल्या चार जोडल्या की दुसरा चौकोन, पहिल्यावर तिरका बसलेला. यालाच खातम म्हणतात. असे तारे टोकाला टोक लावून ओळीत आणि रांगेत मांडत गेलं की मधल्या जागांत आपोआप अधिकच्या चिन्हासारखे आकार तयार होतात, ते काढावे लागत नाहीत. मला भूमिती कधी आवडली नव्हती, शाळेत कुणी हे दाखवलं असतं तर.

सही साधी करा, कोपऱ्यात, मराठीत केली तरी चालेल. जुन्या कामांत ‘कतबहु’ म्हणजे ‘याने लिहिलं’ असं दिसेल, ते देखणं दिसतं म्हणून उचलू नका, तो हक्क इजाज़ा मिळालेल्याचा. इजाज़ा म्हणजे उस्तादानं लेखी दिलेली परवानगी, त्याला वर्षं जातात, आधी सुटी अक्षरं, मग जोड्या, मग ओळी, आणि प्रत्येक धडा लाल शाईनं तपासून परत. तुर्की परंपरेत तर पहिला धडाच एक प्रार्थना असते, देवा सोपं कर, अवघड करू नको, आणि चांगल्या तऱ्हेनं पूर्ण होऊ दे, अशा अर्थाची. पुढे जायचं असेल तर बंगळूरला मुख्तार अहमद आहेत, त्यांना इस्तंबूलहून इजाज़ा मिळालाय आणि ते रीतसर शिकवतात. इस्तंबूलच्या इर्सिका या संस्थेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८६ पासून दर तीन वर्षांनी होते, तिथली बक्षीस मिळालेली कामं नेटवर बघता येतात, आणि ती बघितली की आपण नक्की कुठे उभे आहोत ते कळतं, एकदम खाली.

टांगताना दोनच गोष्टी बघा. कूलरच्या ओल्या वाऱ्याच्या वाटेत नको, कॅनव्हास सैल पडतं. आणि मजकूर धार्मिक असेल तर बाथरूमच्या भिंतीला, पायाशी किंवा चपलांच्या रॅकवर नको, ज्याच्या घरी देताय त्याला विचारून जागा ठरवा.

सगळं धरून मला नूरला सव्वादोन महिने लागले, त्यात रंगकाम फक्त तीन सकाळचं. चाचांनी कागद हातात घेतला, काही न सांगता "नूर" म्हणाले आणि लगेच रे कडे बोट केलं, पेट अजून थोडं जास्तच आहे म्हणे. मित्राला मी म्हटलं की ते जुनं मालस काढ आता आणि हे लाव, तर त्यानं हे हॉलमध्ये लावलं पण जुनं फेकू देईना, नानीनं ते स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलंय आणि पाहुणा आला की आधी तेच वाचायला लावते.